भिंतीवरचे चित्र आणि जनतेचा वाटा

जळगावच्या महाबळ भागात किंवा धुळ्याच्या देवपुरात अलीकडच्या काळात जी नवी घरे उभी राहिली, त्यांच्या बैठकीच्या खोलीतील एक फरक कोणाच्याही नजरेत भरेल. पूर्वी भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी असत, दिवंगत वडिलांचे चंदनाचा हार घातलेले छायाचित्र असे आणि शेजारी आडत दुकानाने किंवा सहकारी बँकेने दिलेले कॅलेंडर असे. आता देव देवघरात गेले आहेत, कॅलेंडर स्वयंपाकघरात गेले आहे, आणि सोफ्याच्या मागच्या भिंतीवर निळ्या-करड्या रंगांचे, मधूनच सोनेरी रेघ ओढलेले एक 'अमूर्त' चित्र लागले आहे. ते हाताने रंगविलेले नसते, यंत्रावर छापलेले असते. विक्रेत्याच्या जाहिरातीत त्याला 'संग्रहालयाच्या दर्जाची प्रतिकृती' असे भारदस्त नाव दिलेले असते. चित्राखाली मात्र बहुधा चित्रकाराचे नाव नसते, चित्र कोणत्या साली रंगविले ते नसते आणि मूळ चित्र कोठे आहे तेही नसते. पुष्कळदा मूळ चित्र असे काही नसतेच. सोफ्याच्या कापडाला शोभेल असे काहीतरी संगणकावर जुळवून छापलेले असते.

या प्रकाराची थट्टा करणे सोपे आहे. नवमध्यमवर्गाची हौस, शहरी चालीरीतींचे अनुकरण, न समजणाऱ्या गोष्टीचा देखावा, असे म्हणून मोकळे होता येईल. पण अशी थट्टा समाजवादी विचाराच्या माणसाला शोभणारी नाही. ज्याच्या आजोबांचे आयुष्य शेणामातीने लिंपलेल्या भिंतींच्या घरात गेले, त्या माणसाला आपल्या घराची भिंत सुंदर असावी असे वाटले, तर त्या इच्छेत हसण्यासारखे काही नाही. ती इच्छा सुसंस्कृत आहे. प्रश्न असा आहे की, त्या इच्छेच्या बदल्यात बाजार त्याच्या हाती काय ठेवतो, आणि ज्या चित्रकलेच्या प्रतिष्ठेवर हा व्यापार चालतो, तिच्यात सामान्य नागरिकाचा आणि खुद्द चित्रकाराचा वाटा किती आहे.

घरासाठी छापलेले चित्र ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली. तिथल्या शिळाछापाच्या चित्रांनी पेशवाईतील पुरुष आणि पुराणातील देवता मराठी घराघरांत नेल्या. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत जर्मन यंत्रे आणून छापखाना सुरू केला, आणि पुढे तो मळवलीला हलला. संस्थानिकांच्या वाड्यांत बंदिस्त असलेले तैलचित्र या छापखान्यामुळे खेड्यातल्या ओटीवर आले. ज्यांना देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्यांच्या घरांतही लक्ष्मी आणि सरस्वती कागदावरून पोचल्या. या चित्रांच्या भडक रंगांवर टीका पुष्कळ झाली आणि ती सर्वस्वी चुकीचीही नव्हती. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. चित्र पाहण्याचा हक्क मालकीपासून वेगळा होऊ शकतो, हे या छापखान्यांनी प्रथम दाखवून दिले.

खानदेशाला तर प्रतिकृतीचा प्रश्न अधिक जवळचा आहे. अजिंठ्याची लेणी जळगावपासून साठेक किलोमीटरवर आहेत, आणि देशोदेशीचे प्रवासी जळगावच्या स्टेशनावर उतरूनच तिकडे जातात. या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्याचे काम ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल यांच्याकडे सोपविले. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या श्रमांतून तयार झालेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या भारतीय विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्यांत होते. यांपैकीही पुष्कळ प्रती १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील आगीत नष्ट झाल्या. उरले ते ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांत छापून घेतलेले चित्रसंग्रह. पुढे निजाम सरकारच्या वतीने गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत अजिंठा प्रसिद्ध केला आणि युनेस्कोने १९५४ साली मोठ्या आकाराचा रंगीत चित्रसंग्रह काढला. भिंतीवरील मूळ रंग दमट हवेने, धुराने, वटवाघळांनी आणि माणसांच्या हाताने झिजत असता जगाला अजिंठा मुख्यतः कळला तो छापील प्रतीमधून. जेथे एकच प्रत होती तेथे ती आगीत गेली, आणि जेथे शेकडो प्रती छापल्या गेल्या तेथे ती टिकली. प्रतिकृतीला दुय्यम मानणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

याच खानदेशात, यावल तालुक्यातील फैजपुरी, डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. गांधीजींच्या आग्रहावरून शांतिनिकेतनचे नंदलाल बोस तेथे आले आणि त्यांनी बांबूसारख्या स्थानिक साधनांतून टिळकनगरची सजावट उभी केली. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, सुरत जिल्ह्यातील हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी ग्रामजीवनावरील भित्तिचित्रफलक रंगविले, आणि कलाभवनातील सहकाऱ्यांनी त्यांच्या नकला करून सुमारे चारशे फलक मंडपात लावले. देशातील एक श्रेष्ठ चित्रकार आपल्या चित्राच्या अनेक प्रती करवून घेतो आणि शेतकऱ्यांच्या वाटेवर टांगतो, यात त्याला कमीपणा वाटला नाही. त्याच चित्रांची मूळ कामे आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे भूषण आहेत. जनतेसाठी केलेले काम आणि संग्रहालयाच्या योग्यतेचे काम यांत विरोध असतो, हा समज फैजपूर-हरिपुऱ्याने केव्हाच खोटा ठरविला आहे.

ही परंपरा पाठीशी असताना आजची स्थिती काय आहे? भारतीय अमूर्त चित्रकलेतील काही मोठी नावे खानदेशाच्या शेजारच्या मुलखातली आहेत. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. अंबादास खोब्रागडे १९२२ साली अकोल्यात जन्मले आणि पुढे नॉर्वेत स्थायिक झाले. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ सालचा, मध्य प्रदेशातला, आणि त्यांचे कलाशिक्षण नागपूर व मुंबई येथे झाले. भुसावळवरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या आसपास वाढलेली ही माणसे आहेत. तरी जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील किती चित्रकला शिक्षकांनी गायतोंडे यांचे एक तरी चित्र प्रत्यक्ष पाहिले असेल? राज्यात दरवर्षी लाखो मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना बसतात, संकल्पचित्र काढतात, भौमितिक आकारांत रंग भरतात. म्हणजे अमूर्ताची मुळाक्षरे ती गिरवीत असतात. पण या मुळाक्षरांतून पुढे केवढे साहित्य निर्माण झाले, हे त्यांना कोणी दाखवीत नाही.

गायतोंडे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणण्यापेक्षा 'वस्तुनिरपेक्ष' म्हणणे त्यांना अधिक पसंत होते. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. १९७१ साली पद्मश्री मिळूनही त्यांची अखेरची वर्षे दिल्लीतील एका लहानशा जागेत जवळजवळ एकांतात गेली आणि २००१ मध्ये ते वारले, तेव्हा त्याची फारशी वार्ताही झाली नाही. बारा वर्षांनी, डिसेंबर २०१३ मध्ये, मुंबईतील एका लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीतील लिलावात त्यांच्या दुसऱ्या एका चित्राची किंमत ६७ कोटींवर गेली. मधल्या काळात, २०२३ साली, रझा यांचे एक चित्र ५१ कोटी ७५ लाखांना विकले गेले होते. चित्र तेच, त्यावरील रंग तेच. निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर त्याच्या श्रमात एका ब्रशाच्या फटकाऱ्याचीही भर पडलेली नाही. वाढली ती केवळ दुर्मिळता, आणि दुर्मिळतेवर पैसा लावणाऱ्यांची स्पर्धा.

अर्थशास्त्राच्या भाषेत ही वाढ म्हणजे शुद्ध खंड आहे. मुंबईतील मोक्याच्या भूखंडाची किंमत वाढते तेव्हा जमीनमालकाने काही निर्माण केलेले नसते. तीच गोष्ट येथे घडते. फरक एवढाच की, भूखंड दोघांना एकाच वेळी वापरता येत नाही. चित्राचे तसे नाही. एकाने चित्र पाहिले म्हणून दुसऱ्याच्या पाहण्यात घट होत नाही, आणि चांगली प्रत काढण्याचा वाढीव खर्च कागद, शाई आणि मजुरी एवढाच असतो. म्हणजे चित्राचे दर्शन ही स्वभावतः सर्वांना पुरेल अशी वस्तू आहे. ती दुर्मिळ आहे ती आपल्या व्यवस्थेमुळे. एकीकडे कोट्यवधींचे मूळ चित्र एखाद्या गुंतवणूकदाराच्या वातानुकूलित कोठारात बंद असते आणि दुसरीकडे बिननावाची रंगीत छपाई सामान्य घरांत 'संग्रहालयाच्या दर्जाची' म्हणून विकली जाते. ही दोन टोके परस्परविरोधी दिसली, तरी ती एकाच बाजाराची दोन दुकाने आहेत. पहिल्या दुकानात चित्रकाराचे नाव हेच सर्वस्व असते; दुसऱ्यात त्या नावाची गरजच उरत नाही. पाहणारा माणूस दोन्हीकडे वंचित राहतो.

कायद्याने या बाबतीत काहीच केलेले नाही असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराने स्वेच्छेने रंगविलेले चित्र विकले, तरी त्याच्या प्रती छापण्याचा हक्क, तो लेखी देऊन टाकला नसेल तर, त्याच्याकडेच राहतो. त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क वारसांकडे असतो. १९९४ च्या दुरुस्तीने आणखी एक कलम आले. मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना जास्तीत जास्त दहा टक्के वाटा मिळू शकतो. पण हा वाटा ठरवून घेण्यासाठी एकेका चित्रकाराने एकेका धनाढ्य खरेदीदाराशी झगडावे, अशी रचना असल्यामुळे ही तरतूद बव्हंशी कागदावर राहिली. ऊसउत्पादकाला एकट्याने कारखान्याशी भाव ठरवायला सांगावे, तसाच हा प्रकार. शेतकऱ्याला संघटना लागते, कामगाराला युनियन लागते आणि चित्रकारालाही हक्क वसूल करणारी सामूहिक यंत्रणा लागते. ती नसल्यामुळे आजचा तरुण चित्रकार आपल्या चित्राची कोणी परस्पर छपाई केली, तर मूग गिळून बसतो.

आता 'संग्रहालयाच्या दर्जा'चे काय, तेही पाहिले पाहिजे. छपाईच्या धंद्यात या शब्दांना काही अर्थ नक्कीच आहे. कागद आम्लरहित असावा, शक्यतो शंभर टक्के कापसाच्या तंतूंचा असावा. शाई विरघळणाऱ्या रंजकाची नसून सूक्ष्म रंगकणांची असावी, म्हणजे ती लवकर विटत नाही. मूळ चित्राशी रंग प्रत्यक्ष ताडून पाहिलेले असावेत. मागचा पुठ्ठाही आम्लरहित असावा, आणि काच व कागद यांच्यात हवेला जागा असावी. संग्रहालये कागदावरील चित्रांवर सामान्यतः ५० लक्सच्या आसपासच प्रकाश पडू देतात. हे सारे खर्चाचे, काळजीचे काम आहे. पण ही पथ्ये पाळल्याशिवाय कोणी 'संग्रहालयाचा दर्जा' हे शब्द वापरू नयेत, असे बंधन ग्राहकाच्या पदरात पडलेले नाही. साध्या शाईने कृत्रिम धाग्याच्या कापडावर केलेली छपाईही याच नावाने विकता येते. जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेले असले चित्र काही उन्हाळ्यांतच फिके पडते, आणि घेणाऱ्याला वाटते की आपलीच निगा कमी पडली. बियाणे उगवले नाही तर दोष जमिनीचा, आणि चित्र विटले तर दोष भिंतीचा! ग्राहकाला गुन्हेगार ठरविण्याची बाजाराची ही रीत खानदेशातील शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीची आहे.

आणि या कागदाचीच कथा पाहा. उत्तम प्रतीच्या चित्रमुद्रणासाठी जो कापसाचा कागद लागतो, तो आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर परदेशातून येतो. जर्मनीतील १५८४ सालच्या हानेम्यूले कागदगिरणीचे नाव या धंद्यात आदराने घेतले जाते. ज्या खानदेशाच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकतो, जेथे गावोगाव जिनिंग कारखाने आहेत, जेथे सरकी पिळून तेल काढतात, तेथल्या लोकांना हे ठाऊक असायला हवे की, सरकीला चिकटून राहणारा आखूड तंतू हाच अशा कागदाचा एक मुख्य कच्चा माल आहे. पुण्यात गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली हातकागद संस्था निघाली, तेव्हा चिंध्या आणि कापूस यांपासून टिकाऊ कागद करण्याची विद्या आपल्याकडे होतीच. तिला चित्रमुद्रणाची जोड मिळाली असती, तर धरणगाव-अमळनेर पट्ट्यात एखादा सहकारी कागद उद्योग उभा राहू शकला असता. कच्चा माल येथून स्वस्त जावा आणि पक्का माल महाग परत यावा, हे दादाभाई नौरोजींनी सांगितलेले दुखणे चित्राच्या कागदापर्यंत पोचले आहे.

करआकारणीतही हाच दृष्टिदोष दिसतो. वस्तू व सेवा कर परिषदेने २०२१ च्या सप्टेंबरात छापील वस्तूंच्या एका मोठ्या गटावरील कर बारावरून अठरा टक्क्यांवर नेला. छापील चित्रे याच प्रकरणात मोडतात. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच परिषदेने हाताने रंगविलेली चित्रे आणि इतर कलावस्तू यांवरील कर बारावरून पाच टक्क्यांवर आणला. मूळ चित्रावरील कर कमी झाला याबद्दल तक्रार नाही. गरीब चित्रकारालाही त्याचा लाभ होईल. पण लक्षाधीशाच्या मूळ चित्रावर कमी दर आणि शिक्षकाच्या घरातील छापील प्रतीवर त्याच्या तिपटीहून अधिक दर, या तर्कशास्त्राचे समर्थन करणे कठीण आहे. पुस्तकाची छापील प्रत ज्ञानाचे साधन म्हणून करमुक्त असते, आणि चित्राची छापील प्रत मात्र केवळ 'माल' ठरते.

यावर काही आक्षेप घेतले जातील आणि ते बाजूला सारण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप आपल्याच चळवळीतून येईल. कापसाला भाव नाही, केळीचे पीक वादळात आडवे होते, गिरणा आणि पांझरेच्या काठच्या गावांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. अशा वेळी भिंतीवरील चित्रांची चर्चा कशाला? याचे उत्तर खानदेशानेच एका माणसाच्या रूपाने दिलेले आहे. अमळनेरच्या शाळेत शिकविणारे आणि धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने उतरवून घेणारे साने गुरुजी शेतकरी-कामगारांच्या लढ्यात होतेच; पण त्याच गुरुजींनी टॉलस्टॉय यांचा कलेवरील ग्रंथ मराठीत आणला. भाकरीचा लढा लढणाऱ्याला सौंदर्याचा हक्क लढा संपल्यावर मिळेल, असे त्यांनी मानले नाही. गरिबाने आधी पोट भरावे आणि सौंदर्य श्रीमंतांवर सोपवावे, ही शिकवण वरवर वास्तववादी असली, तरी आतून ती वर्णव्यवस्थेचीच आहे.

दुसरा आक्षेप असा की, अमूर्त चित्र हे लोकांचे नव्हेच. लोकांना ओळखीच्या आकृती हव्यात. सोव्हिएत रशियात हेच तत्त्व राज्यसत्तेच्या बळावर लादले गेले. ज्या देशात मालेविच यांनी १९१५ साली काळा चौरस रंगवून चित्रकलेला नवे वळण दिले, त्याच देशात १९६२ साली ख्रुश्चॉव्ह यांनी मॉस्कोतील प्रदर्शनात अमूर्त चित्रकारांना जाहीरपणे झिडकारले. लोकांना काय समजेल हे नेत्यांनी ठरवायचे, हा लोकशाही समाजवाद नव्हे. शिवाय तो दावा वस्तुस्थितीलाही धरून नाही. खानदेशातील बाई जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवते तेव्हा ती कोणाचे चित्र काढते? कोणता तुकडा कोणत्या रंगाशेजारी ठेवायचा आणि टाक्याची ओळ कोठे वळवायची, हा निर्णय ती केवळ रंगाच्या आणि लयीच्या जाणिवेने घेते. दारापुढील रांगोळीचे ठिपके, ओट्यावरील चुन्याची बोटे हे सारे अमूर्तच आहे. रझा यांच्या चित्रांतील बिंदूचे मूळ तर एका खेड्यातील प्राथमिक शाळेत आहे. मुलाचे चंचल मन स्थिर व्हावे म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले होते. अमूर्त चित्र लोकांना परके वाटते, कारण त्याचा लोकांशी परिचय करून देण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही.

तिसरा आक्षेप चित्रकारांचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. गायतोंडे रोलर आणि सुरी वापरून रंगाचे थर एकावर एक चढवीत, काढून टाकीत, आणि त्या थरांतून प्रकाश जणू आतून झिरपत असे. त्याची छापील प्रत कितीही चांगली काढली, तरी तो पृष्ठभाग, ते आकारमान, ती खोली कागदावर उतरणार नाही. हे खरे आहे, आणि प्रतीवर ते स्पष्ट लिहिलेही पाहिजे. पण भाषांतरात मूळ काव्य पूर्ण उतरत नाही, म्हणून कोणी भाषांतरे बंद करीत नाही. उलट चांगल्या भाषांतराने मूळ वाचण्याची ओढ निर्माण होते. प्रामाणिक प्रतिकृतीचे काम तेच आहे. ती मूळ चित्राची जागा घेण्यासाठी नसून त्याची वाट दाखविण्यासाठी असते. अप्रामाणिक प्रतिकृती ही वाटच पुसून टाकते, कारण तिच्यामागे ना चित्रकार असतो ना चित्र.

इतर देशांनी या दिशेने केलेले प्रयोग डोळ्यांसमोर आहेत. महामंदीच्या काळात, १९३५ ते १९४३ या वर्षांत, अमेरिकेच्या संघराज्य सरकारने बेकार चित्रकारांना पगार देऊन शाळा, टपालकचेऱ्या आणि रुग्णालये यांसाठी चित्रे व मुद्राचित्रे करवून घेतली. मेक्सिकोत १९३७ साली निघालेल्या लोकमुद्रणशाळेने स्वस्त कागदावर उत्तम मुद्राचित्रे छापून ती कामगारवस्त्यांत नेली. ब्रिटनमध्ये १९४६ पासून 'स्कूल प्रिंट्स' या उपक्रमाने नामवंत चित्रकारांकडून खास शाळांसाठी शिळाछाप चित्रे करवून घेतली, आणि १९४९ च्या मालिकेत पिकासो आणि मातीस यांनीही त्यात भाग घेतला. युनेस्कोने १९४९ मध्ये जगातील चांगल्या रंगीत प्रतिकृतींची सूची प्रसिद्ध केली आणि प्रतिकृतींची फिरती प्रदर्शने देशोदेशी पाठविली. आपल्या ललित कला अकादमीनेही १९५४ मधील स्थापनेनंतर माफक किमतीत प्रतिकृती आणि चित्रकारांवरील पुस्तिका काढल्या होत्या. ती वाट रुंद करणे दूरच, ती पायवाटही राहिली नाही.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. दिल्ली-मुंबईची राष्ट्रीय संग्रहालये, जे. जे. कलाशाळेचा संग्रह आणि अकादमीचा संग्रह ही जनतेच्या पैशाने झालेली ठेव आहे. राज्य सरकारने या ठेवीतील निवडक चित्रांच्या, अमूर्त चित्रांसह, उत्तम प्रती काढून त्या निर्मितीखर्चाच्या किमतीत विकाव्यात. ज्या चित्रांवर हक्क चालू आहे, त्यांच्या प्रत्येक प्रतीमागे चित्रकाराला किंवा वारसांना ठरलेले मानधन मिळावे, आणि ते वसूल करण्यासाठी चित्रकारांची सहकारी संस्था असावी. चित्राची कोणतीही प्रत विकताना तिच्यामागे चित्रकाराचे नाव, साल, मूळ आकार व माध्यम, मूळ चित्राचे ठिकाण, तसेच कागद आणि शाई यांचा प्रकार छापणे सक्तीचे करावे. मानक ब्यूरोने 'संग्रहालयाचा दर्जा' या शब्दांची व्याख्या करावी, आणि ती न पाळणाऱ्यास ते शब्द वापरण्याची मनाई असावी. छापील चित्रावरील कर मूळ चित्रावरील कराहून अधिक नसावा.

पण सर्वांत महत्त्वाची मागणी खरेदीविक्रीच्या पलीकडची आहे. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. जळगावचे वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय, धुळ्याचे गरुड वाचनालय आणि तालुक्या-तालुक्यांतील ग्रंथालये पुस्तके घरी देतात. चौकटीत बसविलेली चित्रेही ती तशीच का देऊ नयेत? वर्गणीदाराने एक चित्र घरी न्यावे, दोन-तीन महिने भिंतीवर लावावे, त्याच्याबरोबर दिलेली चार पानांची मराठी माहिती वाचावी आणि परत करून दुसरे न्यावे. युरोपातील अनेक गावांत अशी चित्रालये चालतात. मूळ चित्रांसाठी हा प्रयोग खर्चिक ठरेल, पण चांगल्या प्रतींसाठी तो जिल्हा नियोजनाच्या निधीतील अगदी लहान तरतुदीतही सुरू करता येईल. विडी वळणाऱ्या बाईच्या खोलीत तीन महिने गायतोंडे राहिले, तर ते तिला आवडतील की नाही हे सांगता येत नाही. न आवडण्याचा हक्कही तिला आज नाही, हे मात्र निश्चित सांगता येते.

खानदेशाला या कामासाठी उसनी प्रेरणा आणावी लागणार नाही. चाळीसगावच्या केकी मूस यांनी बाहेरच्या प्रसिद्धीकडे पाठ फिरवून आपल्या घरातच आयुष्यभर कलासाधना केली, आणि १९८९ साली ते गेल्यानंतरही ते घर लोकांना पाहता येते. धुळ्याजवळच्या गोंदूर गावी १९२५ साली जन्मलेल्या राम सुतार यांनी घडविलेल्या गांधीजींच्या अर्धपुतळ्याच्या प्रती देशोदेशी उभ्या आहेत, आणि त्या प्रती आहेत म्हणून त्यांच्यापुढे कोणी कमी नम्र होत नाही. राजवाडे संशोधन मंडळाने १९२७ पासून जुने दप्तर जपले, ते कोणा एकाच्या मालकीसाठी जपलेले नाही. दोन्ही जिल्ह्यांतील चित्रकला शिक्षक संघटनांनी, ग्रंथालय कार्यकर्त्यांनी आणि सेवादलाच्या शाखांनी मिळून पहिल्या पन्नास चित्रांची यादी करावी आणि ती घेऊन जिल्हा नियोजन समितीच्या दारी जावे. फैजपूरच्या अधिवेशनाला २०३६ साली शंभर वर्षे पूर्ण होतील. तोपर्यंत दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक तालुका ग्रंथालयातून चित्र घरी नेता येऊ लागले, तर नंदलाल बोस यांनी बांबूच्या कमानीखाली सुरू केलेले काम निदान एक पाऊल पुढे गेले, असे म्हणता येईल.